पुटिकेला डोळे नसतात

३ जून, सकाळ
काम मिळालं. विज्ञान केंद्राच्या नव्या दालनासाठी तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म. विषय : पेशीच्या आत काय चालतं. उद्घाटन ३० जुलैला. नोकरी सोडल्यापासूनचं पहिलं स्वतःचं काम.
अकरा वर्षं टूथपेस्टच्या जाहिरातींतले जंतू मीच केले. सूक्ष्म जगाचा एवढा अनुभव फार थोड्यांना असेल. पेशी म्हणजे शेवटी एक पिशवी, आत चार-पाच वस्तू. आठ दिवसांचं काम. उरलेल्या वेळात व्यायाम.
बायकोने विचारलं, तुला पेशीतलं काय येतं. म्हटलं, कलावंताला विषय यावा लागत नाही, विषयाला कलावंत यावा लागतो. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिला अशी वाक्यं कळत नाहीत.

४ जून
आईने अठरा नातेवाइकांना कळवलं. सगळे उद्घाटनाला येणार. मी तिला फक्त मामाला सांग म्हटलं होतं. (मावशीला मी सांगितलं. आणि मोठ्या काकांना. आणि त्यांच्या व्याह्यांना.)

९ जून
कथा तयार. पेशीत प्रथिनं बनतात. ती छोट्या गोल थैलीत भरली जातात. तिला म्हणायचं पुटिका. ती गॉल्जी नावाच्या ठिकाणी जाते. तिथे मालावर पत्ता लागतो. मग दुसरी पुटिका तो माल घेऊन पेशीच्या कडेला जाते आणि बाहेर ओतते. थोडक्यात कुरिअर.
नायक पुटिका. डोळे, टोपी, नाव गोटू. खलनायक लयकारिका, कारण ती सगळं पचवते. तिला दात.
उद्यापासून पाचला उठणे.

१० जून, स. ९.४०
उशी बदलली पाहिजे.

१४ जून
मॅडमना पहिला भाग दाखवला. त्या पेशीशास्त्राच्या प्राध्यापक, केंद्राच्या सल्लागार. शांतपणे पाहिलं. मग विचारलं, "याला डोळे का आहेत?" मी म्हटलं, रस्ता दिसायला. त्या म्हणाल्या, पुटिकेला रस्ता दिसत नाही, तिच्या पटलावर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर, खुणा असतात, त्या जिथे जुळतात तिथे ती चिकटते. लयकारिका खलनायक नाही, ती नसेल तर पेशी कचऱ्याने भरून मरेल. आणि मुख्य म्हणजे पुटिका आपोआप तरंगत जात नाही. तिला कोणीतरी वाहून नेतं.
एकोणीस चुका काढल्या. वहीत लिहून दिल्या. अक्षर सुरेख आहे त्यांचं.
एकंदर मीटिंग चांगली झाली.

१५ जून
गोटूचे डोळे काढले. टोपी राहू दिली. फारच लहान आहे.

१६ जून
टोपीबद्दल मॅडमचा फोन.

२१ जून, सकाळी
वाहून नेणारा सापडला. किनेसिन. स्वतः एक प्रथिन, पण दोन पाय. सूक्ष्मनलिका नावाच्या लांब दोरीसारख्या नळीवरून एकेक पाऊल टाकत जातो, डोक्यावर स्वतःच्या कितीतरी पट मोठी थैली. असं काही आपल्या आत सतत चालतं आणि आपल्याला पत्ताही नाही. 
चाल समजून घेण्यासाठी व्यायामाचा मोठा चेंडू डोक्यावर धरून पॅसेजमध्ये चाळीस फेऱ्या मारल्या. बायकोला शूटिंग करायला सांगितलं. आईने नेमकं तेव्हाच शेजारच्या काकूंना आत घेतलं. काकू उभ्या-उभ्याच परत गेल्या.
नंतर पाहिलं तर शूटिंग झालंच नव्हतं. ती पूर्ण वेळ फोनवर बहिणीशी बोलत होती. काही हरकत नाही. चाल अंगात उतरली आहे.

२ जुलै
मॅडमनी चाल पाहिली. पहिल्यांदाच वही उघडली नाही. पुन्हा लावायला सांगितलं. म्हणाल्या, "हे छान आहे." मी खुर्चीत जरा मागे रेललो. मग म्हणाल्या, "पण उलटा चाललाय." किनेसिन सहसा आतून कडेकडे जातो. कडेकडून आत आणणारा वेगळा, डायनीन. माझा माल बाहेरून कारखान्यात परत चालला होता.
आणि पेशीत एवढी मोकळी जागा नसते. ऑफिस सुटायच्या वेळची बस आठवा, म्हणाल्या.
त्याच बसने घरी आलो. वाटेत कल्पना सुचली. फिल्म उलटी फिरवायची.

३ जुलै
उलटी फिरवली. माल बरोबर दिशेने जातो. किनेसिन उलट्या पावलांनी जातो, मुजरा करत दरबारातून निघाल्यासारखा.
सगळं नव्याने. वेळ भरपूर आहे.

९ जुलै
पेशी गच्च भरली. आता सुंदर दिसते. कॉम्प्युटर एका फ्रेमला नऊ मिनिटं घेतो. तीन मिनिटांच्या चार हजार तीनशे वीस फ्रेम. सत्तावीस दिवस. हातात एकवीस.
तीनदा हिशेब केला. कॅल्क्युलेटर बदलून पाहिला.

१३ जुलै
तोडगा : तंतुकणिका काढून टाकल्या. बारा टक्के वेळ वाचला. ऊर्जा कुठून येते हे प्रेक्षक विचारत नाहीत.
मॅडमनी विचारलं. म्हणाल्या, त्यांच्याशिवाय तुमचा हमाल फार वेळ चालणार नाही. प्रत्येक पावलाला ऊर्जेचा एक कण खर्च होतो.
परत घातल्या.

१७ जुलै
घरात कमालीची शांतता. कोणी मध्येच येऊन काही विचारत नाही. असंच राहिलं तर वेळेत होईल.

१८ जुलै, दुपारी
बायको बहिणीकडे गेली आहे. सोळा तारखेपासून. फ्रिजवर चिठ्ठी होती. फ्रिज मी उघडला होता, पण त्याच्या दाराकडे कोण बघतं. आई म्हणाली, काल "जेवलास का" असं दोनदा विचारलं ती मी होते. आणि तू मला "तू दुकानात जाऊन ये, मग बोलू" म्हणालास.
बायकोला फोन केला. उचलला नाही. दुकानात गर्दी असेल.

१९ जुलै
काल रविवार होता. दुकान रविवारी बंद असतं हे आज लक्षात आलं.

२० जुलै
जुन्या ऑफिसला सहज फोन केला. माझ्या जागी दुसरा घेतला म्हणे. सहजच केला होता. ती खुर्ची तशीही डावीकडे कलायची.

२४ जुलै, सकाळी ६.१०
एक हजार नऊशे फ्रेम तयार झाल्या. लावून पाहिल्या. शेवटी पुटिका पेशीच्या कडेतून भुतासारखी आरपार जाते. असं होत नाही. तिचं पटल आणि पेशीचं पटल एकमेकांत मिसळून एक व्हायला हवं, तेव्हाच माल बाहेर पडतो. हे मला आता पाठ आहे. ही चूक मीच शोधली, मॅडमनी नाही. मागच्या गर्दीतली प्रत्येक पुटिकाही तसंच करते, म्हणून दीड हजारांवर फ्रेम बाद.
डोळ्यांतून पाणी येत होतं. स्क्रीनकडे फार वेळ पाहिलं की येतं. आई दारात उभी राहून म्हणाली, त्या अठरा जणांना मी सांगू का यायचं रद्द झालं म्हणून. मी म्हटलं, काही गरज नाही. ती तिथेच उभी राहिली.

२५ जुलै
बायको परत आली. बहिणीकडचा पंखा आवाज करतो म्हणाली. चप्पलसुद्धा न काढता माझ्या शेजारी बसली आणि जे झालंय ते सगळं पाहिलं. मी म्हटलं, उरलेलं पाच दिवसांत होतं, मनावर घेतलं तर. ती म्हणाली, "होत नाही. तुलाही माहीत आहे. मॅडमना आत्ता फोन कर, मी इथे बसते."
केला. वाक्य पूर्ण करायला तीन प्रयत्न लागले. मॅडम म्हणाल्या, जेवढं बरोबर आहे तेवढं पाठवा.
पाठवलं. अकरा सेकंद.

३० जुलै
उद्घाटन झालं. दालनाच्या टोकाला, पाण्याच्या कूलरशेजारी माझा स्क्रीन. किनेसिन थैली घेऊन अकरा सेकंद चालतो, मग पुन्हा पहिल्यापासून. आवाज नाही. अठरा जण ओळीने उभे होते. पाच-सहा मिनिटांनी मामाने विचारलं, सुरू कधी होणार. बायको म्हणाली, हीच आहे. मावशीने टाळ्या वाजवल्या, मग इतरांनी.
मॅडम जाताना म्हणाल्या, "या अकरा सेकंदांत एकही चूक नाही." हे वाक्य बायोडेटात घालता येईल.

४ ऑगस्ट, दुपारी
लोकांची प्रतिक्रिया बघायला एकटाच गेलो. दीड तासात चौघं आले. चौघंही पाणी प्यायला.
दालनाचा वॉचमन खुर्ची ओढून जवळ बसला. म्हणाला, साहेब, दिवसभर हे माझ्यासमोर चालतं, हा माणूस कुठे चाललाय आणि डोक्यावर काय आहे? मी सांगितलं. प्रथिन कुठे बनतं, थैली कशी सुटते, पत्ता कुठे लागतो, हमालाला पावलागणिक खायला कोण पुरवतं, कचरा कोण पचवतं, शेवटी दोन पटलं कशी एक होतात आणि माल बाहेर पडतो. हातवारे करून, उभा राहून, एकदा चालूनही दाखवलं. पाऊण तास गेला. एकदाही अडखळलो नाही. त्याने मध्ये चार प्रश्न विचारले, चारही चांगले.
सगळं ऐकून त्याने खुर्ची परत जागेवर ठेवली. मग म्हणाला, "आत्ता कळलं. मग हे सगळं फिल्ममध्ये का नाही घातलं?"