चार नंबरची नकटी

२ जुलै
परळच्या बदक संवर्धन केंद्रात आज रुजू झाले. नकटा जातीचं बदक मुंबईच्या परिसरातून नाहीसं होत चाललंय. ते इथे वाढवायचं आणि शिवडीच्या तळ्यात सोडायचं, हे काम. डिलाईल रोडला खोली मिळाली, खालीच बालवाडी, म्हणजे चार वर्षांच्या स्पृहाचीही सोय. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. आज दोघींनी श्रीखंड-पुरी हाणली.

१२ जुलै
इथली युक्ती साधी आहे. मादीची अंडी काढून यंत्रात उबवायची, म्हणजे रिकामं घरटं बघून ती पुन्हा घालते. चार नंबरच्या मादीची नऊ अंडी मीच उचलली. केंद्रप्रमुख यशोधन सरांनी शाबासकी दिली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, माझ्या नकटीचं मात्र सुरळीत चाललंय!

२९ जुलै
चार नंबरने पुन्हा आठ घातली. जुने कामगार वसंतमामा मध्ये पडले. "एक तरी ठेव गो तिका," हे त्यांचं पालुपद. नियमातही एक ठेवायचं लिहिलंय. पण कुणी शिकवलेलं मला खपत नाही, आणि जास्त पिल्लं दाखवायची हौसही होती. आठही उचलली. ती चोच मारायला आली नाही. दारापर्यंत चालत आली आणि बघत राहिली.

८ ऑगस्ट
यंत्रातल्या अंड्यांना आईचा आवाज ऐकवतात, म्हणजे पिल्लं पुढे त्याच आवाजामागे जातात. चार नंबर रिकाम्या घरट्यात बसून हाका मारते, त्याच मी फोनवर टिपल्या. दुपारी स्पृहा झोपेना म्हणून घरीही लावल्या. पाच मिनिटांत गाढ झोपली. आता रोज तेच मागते.

१४ ऑगस्ट
पहिली नऊ पिल्लं निघाली, सगळी तरतरीत. चार नंबर मात्र घरट्यात मेलेली सापडली. पोटाखाली काही नव्हतं. मला रडू आलं, पण मामांपुढे दाखवलं नाही.

१७ ऑगस्ट
फोनमधला आवाज पुसून टाकला. तरी खोलीतल्या पाण्याच्या पिंपामागून येतो. शेजारच्या दुर्गाकाकूंना ऐकू येत नाही. स्पृहाला येतो.

२० ऑगस्ट
स्पृहा ताटाला तोंड लावून जेवते. मला आई म्हणत नाही. मी आहे ना इथे, म्हटलं, तर म्हणाली, आई पिंपाकडे आहे. मला भीती वाटते. चूक माझीच —

२२ ऑगस्ट
मामांचे पाय धरले. ते म्हणाले, तू तिला एक ठेवलं नाहीस, ती तुला कशाला ठेवील. यंत्रातलं एक अंडं तिच्या घरट्यात ठेवून आले. तासाभराने पाहिलं तर फुटलेलं. बाहेरून.

२५ ऑगस्ट
स्पृहा बालवाडीतून निघून गेली. शिवडीच्या तळ्याकाठी सापडली, कमरेपर्यंत चिखलात. नावाने हाका मारमारून घसा बसला. एकदाही वळली नाही.

२६ ऑगस्ट, दुपार
दाराला कडी लावलीय. ती कोपऱ्यात, पाठमोरी. स्पृहा म्हटलं, बाळा म्हटलं — नाही. शेवटी चार नंबरसारखी हाक मारली.

वळली! हसतेय. हात पसरून येतेय — माझं लेकरू —

पण बघतेय माझ्या मागे. पाठीला काहीतरी ओलं —