दोराच्या चार झटक्यांबद्दल

मी, नौदलाच्या बुडालेली जहाजे वर काढणाऱ्या पथकाचा निवृत्त अधिकारी, वय वर्षे ब्याऐंशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. दबाव फक्त मुलाचा आहे, तोही कलम ४ गाळण्यासाठी. तो मी जुमानलेला नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांना कोणी विचारलेले नाही.

कलम १. राहते घर मुलाला, कलम ४ मधील अटीवर. मागच्या खोलीची गळती तो पंधरा वर्षे "बघतो" म्हणतो आहे. ज्याने एकवीस जहाजांची भोके बुजवली, त्याच्या घरात बादली ठेवावी लागते, याची नोंद असावी.

कलम २. हत्यारांची पेटी मुलीला. जावयाने हात लावू नये. त्याने माझ्या पटाशीने रंगाचा डबा उघडला होता.

कलम ३. दुर्बीण शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांना. आमच्या घरात डोकावताना त्यांची मान फार अवघडते.

कलम ४. माझा पाणबुड्या, ज्याला सगळे लंबू म्हणत, पन्नास वर्षांपूर्वी एका बुडालेल्या मालवाहू जहाजात गेला. त्याच्या कमरेचा दोर वर माझ्या हातात होता. दोन झटके म्हणजे दोर सैल सोडा, चार म्हणजे मला वर घ्या. आलेला इशारा तसाच खाली परतवायचा, त्याने होकार दिला की मगच हालचाल करायची, हा आमचा पहिला नियम. लंबूने चार झटके दिले. दोर फाटक्या पत्र्यात अडकल्यामुळे माझ्यापर्यंत दोनच पोचले. भरतीची घाई होती. मी इशारा परतवला नाही, दोर सैल सोडला. परतवला असता तर त्याने पुन्हा चार दिले असते. वर काढला तेव्हा तो गेलेला होता. सैल दोर मागणारा माणूस दोर असा मुठीत आवळत नाही; तो सोडवताना मला चूक कळली.

चौकशीत मी लिहून दिले, "पाणबुड्याने चुकीचा इशारा दिला." मला बढती मिळाली, त्याच्या घरी ठपक्याचे पत्र गेले. मला याची लाज वाटते.

मुलगा म्हणतो, "बाबा, जुनी मढी कशाला उकरता? तुमचंच नाव खराब होईल." होऊ दे. बुडालेले वर काढण्याचाच मी पगार घेतला. माझ्यानंतर तीस दिवसांत त्याने या कलमाची प्रत नौदलाच्या कचेरीत स्वतः नेऊन द्यावी आणि ते वाक्य खोडण्याचा अर्ज करावा. न केल्यास घर मुलीला.

कलम ५. बँकेतील शिल्लक लंबूच्या पत्नीला. (हे कलम रद्द. कारण पुढे.)

काल लंबूच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, बोलावून हे सारे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "पोरांना मीच सांगत आले, तुमच्या बाबांचं चुकलं म्हणून." आणि मृत्युपत्र करून देणाऱ्या वकीलबाईंना विचारले, "साक्षीला कोण आहे?"

"डॉक्टर आहेत, अजून एक हवाय. पण साक्षीदाराला यातलं काही घेता येत नाही, आजी."

"मग मला दिलेलं खोडा आणि पेन द्या. साहेब, माफ केलेलं नाही तुम्हाला. पण सही मीच करणार."

शिल्लक आता माझ्या मुलाला आणि मुलीला निम्मी निम्मी.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: १४ सप्टेंबर.
लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार १: घरचे डॉक्टर. (सही)
साक्षीदार २, ओळख त्यांनी सांगितली तशीच लिहिली आहे: बरोबर इशारा दिलेल्या पाणबुड्याची बायको. (सही)