अण्णांच्या जाळीतलं रबर

प्रिय अण्णा,

तरी मी म्हणत होतो, आधी पुण्याला जाऊ, पूजा मागनं करू! ऐकलंत का? आठवी नापास पोराचं कोण ऐकतंय म्हणा. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं आणि मी इथं सुरतेत बसून अजून तेच भांडण उकरतोय.

पण आज कारण घडलंय. सोमवारी आमच्या कारखान्यात मागांवर नव्या जाळ्या बसवल्या, आडवं सूत नेणारा धोटा मागातनं उडाला तर अडवायला. बघतो तर काय, तुमचीच जाळी! तसाच सळ्यांचा बाक, दोन्हीकडे तशाच बिजागऱ्या. वाटलं, तुम्हीच समोर येऊन उभे राहिलात. मग आत बोट घालून चाचपलं.

आत रबर नव्हतं, अण्णा.

काल माझ्याच मागावरचा धोटा उडाला. नुसत्या सळ्यांवर आपटून ठण्ण झालं आणि तो उलटा फिरून माझ्या कानाजवळनं गेला. मागच्या भिंतीचा गिलावा पडला. "नुसती सळई धोटा अडवत न्हाय, परत धाडती," असं तुम्हीच म्हणायचात ना?

तुमच्या शेजारच्या मागावरच्या हुसेनचाचांचा डोळा धोट्यानं गेला, तेव्हापासून तुम्ही ह्या जाळीच्या नादी लागलात. घरात एक तार शिल्लक ठेवली नाहीत. आई ओरडायची, "उद्या माझ्या चाळणीला हात लावला तर भाकरी मिळायची न्हाय!" किती जाळ्या वाकवल्यात आणि फेकल्यात! शेवटी आतल्या बाजूनं सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बसवलेत आणि आवाजच बदलला. ठप्प! धोटा जागच्या जागी खाली. तुम्ही तो उचललात आणि बाळाचं तोंड पुसावं तसा पुसलात.

तेव्हाच जायचं होतं पुण्याला, पेटंटच्या वकिलाकडं. पण खंडेनवमी आली. "देवाला दावल्याबिगर इकायला काढायचं? आपण काय चोर हाय?" असं म्हणून तुम्ही माग धुतलात, जाळीला हळदकुंकू लावलंत, झेंडूची जाड माळ घातलीत. सगळी गल्ली आत बोलावलीत. चाचा उरलेल्या डोळ्यानं निरखत पुढं आले आणि म्हणाले, "पैले बनाते तो मेरी आंख रैती थी ना, अण्णा!" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत.

कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं आणि ग्रुपवर टाकलं. तिथनं ते कुठं कुठं गेलं देव जाणे.

पुण्याच्या वकीलबाईंपुढं तुम्ही कसे ताठ बसला होतात! त्यांनी विचारलं, "अर्ज करायच्या आधी ही वस्तू कुणाला दाखवली होती का?"

"दावली म्हंजे? अख्खी गल्ली आलती की! पेढे वाटले. व्हिडिओ बी हाय," म्हणत तुम्हीच मोबाइल पुढं केलात.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग कायद्यानं ही आता नवीन राहिली नाही, काका. पेटंट अवघड आहे."

"नवी न्हाय? दुसऱ्या कुणी केलीया, दावा की!"

  परत सोलापूरच्या स्टँडवर उतरल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "जाऊ दे. करू दे कुणीबी. डोळं तर वाचतील."

वाचतील का हो अण्णा? तो व्हिडिओ मी काल पुन्हा पाहिला. बाहेरच्या सळ्या स्वच्छ दिसतात. रबर कुठंच दिसत नाही, त्यावर तुमची झेंडूची माळ आहे! ज्यानं नक्कल केली त्यानं दिसलं तेवढंच केलं. तुम्ही देवापुढं ठेवलेली वस्तू आता अर्धीच गावोगाव निघालीय.

आणि आधी बरं होतं असं वाटायला लागलंय. आधी माणसं धोट्याला भ्यायची, अंग चोरून उभी राहायची. आता जाळी आहे म्हणून तोंड पुढं घालून वाकतात.

आपला धाकटा सच्यासुद्धा. तुमच्याच मागावर उभा राहतो तो आता, आणि मालकानं तुमची जुनी जाळी काढून तिथं ही नवी चकचकीत बसवलीय. दुपारी फोन केला, म्हटलं माग बंद ठेव.

"तिकडनं भ्या घालू नको की," म्हणाला. "आपल्या अण्णांचीच जाळी हाय न्हवं?"

मागं माग खडखडत होते. बोलता बोलता फोनमध्ये ऐकू आलं. ठण्ण!

 तो हसत होता. "बघ, अडवला की!"

अण्णा, ठप्प नव्हतं ते.

पेटंट आता मिळायचं नाही, त्याचं भांडण आज मिटलं. पण शब्द देतो, गल्लीतली एकही जाळी रबराविना ठेवणार नाही. चाचांना फोनवर सांगितलंय, ते आत्तापासूनच सायकलच्या दुकानांतनं ट्यूब गोळा करायला लागलेत. मी रविवारी गाडीत बसतो. सच्या म्हणतो, खाडा केला तर आठवड्याचा पगार बुडंल. म्हणून तो पगार मीच आईच्या खात्यात टाकतोय. तेवढे दिवस तरी त्यानं त्या मागापुढं उभं राहू नये. तुम्ही तिथनं त्याचा हात धरून ठेवा.

तुमचा,
बाळू

पाठवतोय : साडेतीन हजार रुपये.