इला मुजुमदार यांचे अकरा लेख

मी, गुरुनाथ दत्तात्रय चांदोरकर, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त इंजिनिअर, राहणार आयसेलिन, न्यू जर्सी, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन साफ असल्याचा दाखला कोणी देत नाही, म्हणून कलम पाच मलाच लिहावे लागले. वकिलांनी केलेली इंग्रजी प्रत कोर्टासाठी आहे, ही मराठी प्रत घरच्यांसाठी. यापूर्वीचे असे सर्व कागद रद्द समजावेत.

कलम १. राहते घर, बँकेतील शिल्लक आणि गाडी माझी पत्नी सौ. आसावरी हिला मिळावी. तिच्या पश्चात सर्व कन्या नीना हिचे. घर विकायची वेळ आली तर स्वयंपाकघराच्या खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी घरासोबत देऊ नये. चौतीस हिवाळे ते झाड आसावरीने जगवले आहे. पानावर ठिपका दिसला की ती हातातले काम टाकून भिंग घेऊन बसते. ते भिंग तिने हॉलंडहून आणलेले आहे. माझ्या मालकीचे नसल्यामुळे मला ते कोणाला देता येत नाही.

कलम २. हत्यारांची पेटी आणि बर्फ काढायचे मशीन शेजारच्या चि. देवांगला. दोरी एकदाच आणि जोरात ओढायची, हे त्याला दहा वेळा सांगून झाले आहे.

कलम ३. धाकटा बंधू अतुल, राहणार पुणे, याला माझ्याकडून काही नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्याने भर पंगतीत आसावरीला "आमच्या बटाटेवाल्या डॉक्टरीणबाई" म्हटले. पंगत हसली. मीही हसलो, त्यामुळे याहून मोठी शिक्षा करण्याचा अधिकार मला पोचत नाही.

कलम ४. या कलमात कशाचीच वाटणी नाही, तरी वाचावे. माझी पत्नी लग्नाआधी इला रवींद्र मुजुमदार होती. हॉलंडमधल्या एका मोठ्या विद्यापीठात तिने बटाट्याची पाने वळवणाऱ्या विषाणूवर पाच वर्षे काम केले, डॉक्टरेट मिळवली आणि अकरा शोधलेख छापले. १९८२ साली पुण्यात आमचे लग्न झाले. 'इला' हे नाव मला तोकडे वाटले. हाक मारायला तोंड उघडावे तोवर संपते, असे मी मित्रांना ऐटीत सांगत असे. मग ताटातल्या तांदळात अंगठीने 'आसावरी' लिहिले. मला गाण्यातले काही कळत होते अशातला भाग नाही. नाव बदलल्याची जाहिरात सरकारी राजपत्रात आली, त्यावर नवा पासपोर्ट निघाला आणि आम्ही इकडे आलो. इथे पदवी इला मुजुमदारची आणि नोकरी मागणारी बाई आसावरी चांदोरकर. दोघी एकच, हे दाखवायला राजपत्राचे ते कात्रण हवे होते. मी म्हणालो, हरवले. पुढे एकवीस वर्षे तिने एका औषध कंपनीत बाटल्यांवर लेबले लावली.

कलम ५. कात्रण हरवले नव्हते. १९८५ च्या मार्चमध्ये तिच्या गुरूंचे, प्रोफेसर दे व्रीस यांचे पत्र आले. दोन वर्षांची जागा होती, राहायची सोय होती, मूल घेऊन आलात तरी चालेल असेही त्यांनी लिहिले होते. आठ महिन्यांच्या नीनाला घेऊन आसावरी डॉक्टरकडे गेली होती. पत्र मी फोडले आणि उत्तरही मीच टाइप केले: मिसेस चांदोरकर यांनी संशोधन सोडले असून त्या संसारात सुखी आहेत. तिला यातले अवाक्षर सांगितले नाही. ती गेली तर परत येणार नाही, ही एक भीती. ती माझ्यापेक्षा हुशार आहे हे तिथे गेल्यावर तिला पुन्हा आठवेल, ही त्याहून मोठी. नोकरीसाठी तिने कात्रण मागितले तेव्हाही हीच भीती होती. ते मी पत्राच्याच पाकिटात घालून ठेवले.

या जानेवारीत त्या विद्यापीठाने आपले जुने सगळे संशोधन ऑनलाइन यादीत आणले. नीना जर्सी सिटीहून आली होती. तिने लॅपटॉप आईपुढे धरला. "आई, दिस इज यू, राइट? इलेव्हन पेपर्स! लोक अजून रेफरन्स देतायत." नावाखाली लिहिले होते, शेवटचा लेख १९८१, सध्याचा पत्ता उपलब्ध नाही. नीना म्हणाली, "फॉर्म भरला की आत्ताचं नाव लिंक होतं. फक्त नेम चेंजचं प्रूफ हवं. बाबा, आहे तुमच्याकडे?"

मी पुन्हा म्हणालो, हरवलं. आसावरी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "कुठे गेली असेल गं बिचारी?" आणि कुकर बंद करायला उठली.

कलम ६. माझ्या कपाटातले राखाडी पाकीट माझ्या मृत्यूनंतर नीनाने आईच्या हाती द्यावे. आत कात्रण, प्रोफेसरांचे पत्र आणि माझ्या उत्तराची कार्बन प्रत आहे. झाकली मूठ सवा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत दुसऱ्याचे आयुष्य होते. प्रोफेसर १९९९ साली वारले, त्यांची माफी मागायचे राहून गेले.

पुरवणी, हस्ताक्षरात. माझे शुद्धलेखन कच्चे आहे. माझा प्रत्येक मराठी कागद आजवर आसावरीने तपासला आहे. आज सकाळी तिने हाही मागितला आणि मी दिला. मेल्यावर माफी मागणे हा भित्रेपणा, हे कलम सहा लिहितानाच कळत होते.

ती पेन्सिल घेऊन बसली. कलम तीनपर्यंत चार वेलांट्या सुधारल्या. कलम पाचवर पेन्सिल थांबली. ते कलम तिने पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग विचारले, "उत्तर किती ओळींचं होतं?"

"एका."

"एका ओळीत आटपलंत."

कलम एकमध्ये 'इला' लिहू का, असे मी विचारले. "माझं नाव आता तुम्ही लिहायचं नाही," ती म्हणाली. म्हणून तिथे हात लावलेला नाही. पाकीट तिने घेतले, सबब कलम सहा रद्द.

दुपारी नीना आली आणि दोघी फॉर्म भरायला बसल्या. नावातला बदल वेळेवर न कळवण्याचे कारण, असा त्यात एक रकाना होता. नीना म्हणाली, "आई, लीव्ह इट ब्लँक, ऑप्शनल आहे." तिने भिंग काढून किबोर्डवरची अक्षरे बघत एकच इंग्रजी शब्द टाइप केला: हजबंड. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. "बघा, स्पेलिंग बरोबर आहे ना?"

मी तपासले. बरोबर होते.

सही: गुरुनाथ दत्तात्रय चांदोरकर

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. या कागदाने आम्हां दोघांना काहीही मिळत नाही.
साक्षीदार: १. शंतनू रिसबूड २. वीणा रिसबूड

स्थळ: आयसेलिन, न्यू जर्सी
दिनांक: २ नोव्हेंबर २०२५