शेवटचा हात मोठ्याचा

८ जून, रविवार
भाऊंच्या गणपतीच्या शाळेत माती मळून झाली, साचे पुसून लावले. या वर्षी मूर्ती दीडशेच्या आत. भाऊंनीच शिकवलेली आखणी माझ्याकडेच. डोळे रेखायचे ते श्रावण लागल्यावर, तोवर एमआयडीसीतली पाट्यांची कामं. 'धूम्रपान करू नये' सहा नग. तेवढंच उरलंय, बाकी सगळं फ्लेक्सवर.

लेकीच्या, तन्वीच्या कॉलेजचे खातू सर घरी आले. कॉलेजात दोन शनिवार मोठ्या कलाकारांशी गप्पा आहेत. चित्रकला, डिझाईन यांत पुढे काय करता येतं ते मुलांना सांगणार. दुसऱ्या शनिवारी मी पण व्यासपीठावर बसायचं. स्थानिक कलाकार म्हणून. "दत्ताराम, नाही म्हणायचं नाही." हो म्हटलं.

त्या दिवशी अक्षरं करणाऱ्या एक मॅडम येणार. मुंबईत त्यांची स्वतःची डिझाईनची संस्था आहे. कोकणातल्या एका मुलाला दर वर्षी फी माफ करून घेतात. मुलांच्या फायली तिथेच बघून ठरवणार. तन्वी बारावी झाल्यापासून याच दिवसाची वाट बघत होती. दुसरीकडे कुठे पाठवायची ऐपत नाही, हे तिलाही माहीत.

१४ जून, शनिवार. संकष्टी
पहिल्या गप्पा. सिनेमाचे सेट उभे करणारे एक गृहस्थ. मी मागे बसलो होतो. एका मुलाने विचारलं, "सर, यात पोट भरतं का?" ते म्हणाले, "माझं भरतं. तुझं भरेल असं तुझ्या प्रश्नावरून वाटत नाही." हॉल खूप हसला. तो मुलगाही हसला, मग बराच वेळ खाली बघत राहिला.

घरी येताना तन्वी म्हणाली, "बाबा, ही माणसं अशीच बोलतात. त्याची सवय करायला हवी." अठरा पुरी नाहीत.

१९ जून, गुरुवार
तन्वीची बावीस चित्रं फाईलमध्ये लागली. मासळी बाजारातल्या बायकांचे हात, नुसते हात. कोयता धरलेले, बर्फ उचलणारे, पदराला पुसलेले. चांगली आहेत. पण रेघ कापते. एक रेघ चार चार वेळा ओढलेली. भाऊंनी बघितली असती तर पाटी फेकली असती.

उद्यापासून ती शहरात मावशीकडे. कार्यक्रम सकाळी लवकर. मला म्हणाली, "फाईल तुम्ही आणा. माझ्या पिशवीत भिजेल. दोन प्लास्टिकमध्ये गुंडाळा."

२० जून, शुक्रवार
कंपनीत गेलो नाही. आंघोळ, पूजा करून फाईल उघडली आणि हात फिरवला. दिवसभर लागला. रेघा एक केल्या, बोटं बांधून घेतली, नखांना गोलाई दिली.

शाळेत हे असंच चालतं. धाकट्यानं काम करावं, शेवटचा हात मोठ्याचा. त्यात सांगण्या-विचारण्यासारखं काही नसतं. आशीर्वादच तो.

सौ. दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तिचा तिला करूंदे की." मी म्हटलं, "तुला यातलं कळत नाही."

२१ जून, शनिवार
घरी आलो तेव्हा पाच वाजले होते. लगेच लिहितो. उद्या लिहायला घेतलं तर माझ्या सोयीचं लिहीन.

हॉल भरलेला. मॅडम साठीच्या, केस पांढरे, बारीक कापलेले, आवाज हळू. मला बोलतं करायला म्हणून त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात?"

"गणपतीच्या शाळेत."

मुलं हसली. वाडीतली मुलंसुद्धा. त्यांना तरी ठाऊक आहे. मॅडमना शाळेचं नाव वाटलं. "कितवीपर्यंत?"

मी म्हटलं, "एकवीस वर्षं झाली, अजून जातो." पुन्हा हशा. मग खातू सरांनी उठून सांगितलं, मॅडम, आमच्याकडे मूर्ती करतात त्या जागेला शाळा म्हणतात. मॅडम म्हणाल्या, "असं होय. म्हणजे एकवीस वर्षांत पास नाही झालात." गोड बोलल्या. मीही हसलो.

कोणीतरी विचारलं, फ्लेक्स आल्यावर अशा लोकांचं काय? मॅडम म्हणाल्या, "अशा लोकांनाच विचार. शेजारी बसलेत." मी म्हटलं, "चाललंय."

मग फायली. तन्वी चौथी. मॅडमनी चित्रं टेबलावर पसरली, चष्मा काढला, कागद डोळ्यांजवळ नेला. मग दोन गठ्ठे केले. एक जाड, एकात फक्त तीन कागद.

"यावर दोन माणसांचे हात आहेत," जाड गठ्ठा दाखवून त्या म्हणाल्या. "खालचा कापतो, पण बघतो. वरचा सफाईदार आहे आणि मेलेला आहे. वरचा कोणाचा?"

तन्वीनं कागद बघितले. ती तेव्हा पहिल्यांदा बघत होती. एकदा माझ्याकडे बघितलं.

"मीच काढलीत."

"खोटं बोलू नकोस. या बाईच्या बोटांवर चिरा होत्या, कोळंबी सोलून पडलेल्या. तू त्या बघितल्या होत्यास, खाली अजून दिसतात. त्या कोणीतरी बुजवल्यात आणि कोळणीच्या हाताचा देवाचा हात केलाय. दुसऱ्याकडून काम करून घेणारी मुलं मी घेत नाही."

माइक माझ्या हातात होता. चालू होता. माझा श्वास सगळ्या हॉलमध्ये ऐकू येत होता. मागे कोणीतरी हसलं. 

"पुढची फाईल," मॅडम म्हणाल्या.

मग शाल, नारळ, फोटो. मलाही शाल. बाहेर खातू सर म्हणाले, "दत्ताराम, तुमच्या मुलीनं आमचीच शाळा केली. कॉलेजचं नाव गेलं. घरात तुमच्यासारखा माणूस असताना तुम्ही बघायचं नाहीत का?"

मी म्हटलं, "चुकलंच." तिचं चुकलं अशा अर्थानं त्यांनी घेतलं. घेऊ दिलं.

२२ जून, रविवार
तन्वी मावशीकडेच. पूजा केली. फुलं वाहिली. आरती न म्हणताच उठलो.

२४ जून, मंगळवार
तन्वी कपडे न्यायला आली. उभ्यानंच बोलली.

"कधी केलंत?"

"शुक्रवारी."

"तीन का सोडलीत?"

"ती बरी होती."

हसली. "बरी होती," असं दोनदा म्हणाली. आणि मग, "मीच काढलीत म्हणाले ना, ते तुमच्यासाठी नव्हतं. मला वाटलं, मी एवढं खोटं बोलले तर तरी तुम्ही उठाल."

सौ. माझ्याकडे बघत नाही. जेवायला वाढते.

२८ जून, शनिवार
खातू सरांकडून मॅडमचा नंबर घेतला. खरं काय ते त्यांनाही सांगितलं. सर म्हणाले, "आता कशाला उकरता? लोक विसरले." आठवडा झाला.

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग, "हे तुम्ही तिथे का नाही सांगितलंत? माइक तुमच्याकडेच होता."

"लाज वाटली."

"कशाची? मुलीची फाईल बिघडवल्याची की मी तुमच्या हाताला मेलेला म्हटलं त्याची?"

 त्यांनी वाट बघितली. मग मी म्हटलं, "मेलेला म्हटलंत, त्याची."

"निदान आता खरं बोललात." जागा अजून भरलेली नाही म्हणाल्या. २६ जुलैला तन्वीनं मुंबईत यावं, त्यांच्यासमोर बसून दिवसभर काढावं. जसं असेल तसं. "तुम्ही बरोबर येऊ नका."

ठेवणार तेवढ्यात मी विचारलं. विचारायला नको होतं. माझ्या रेघेत काहीच नाही का?

"सुबक आहे. तिला काही दिसत नाही, एवढंच. हजारो डोळे काढलेत म्हणता तुम्ही. त्यातला एक तरी डोळा कोणाकडे बघून काढलात?"

मी फोन ठेवला.

२९ जून, रविवार
मावशीच्या घरी जाऊन तन्वीला २६ तारखेचं सांगितलं. "बघू," म्हणाली. दार अर्धं उघडं धरून होती.

३ जुलै, गुरुवार
भाऊंकडे गेलो. ऐंशी उलटली, अर्धांगानं उजवा हात गेल्यापासून खाटेवरच. शाळा आता मुलगा मोहन बघतो. मला बघून मोहन म्हणाला, "काय प्रोफेसर, शाल नाही आणलीत?"

भाऊंना घडलं ते सांगितलं. ते वर कौलांकडे बघत ऐकत होते. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही नाही का शेवटचा हात फिरवायचात. मी तेच केलं.

भाऊ म्हणाले, "मी हात फिरवीत नव्हतो रे."

मग?

"तू घरी गेलास की तुझे डोळे पुसून टाकायचो. परत काढायचो. धा-बारा वरसा. तुला काय वाटला, पयल्या वरसापासना तुझे डोळे लोकांच्या घरी गेले?"

मला खरंच तसं वाटत होतं. पहिल्या वर्षीची मूर्ती आमच्या वाडीत आली होती. तिच्यासमोर मी आरतीला उभा होतो. आईला म्हटलं होतं, हे डोळे माझे.

"मग थांबलात कधी?"

"तुझा हात माझ्यासारखा झाला तेव्हा. पुसायचा नि काढायचा, दोन्ही सारखाच दिसाय लागला. मग कशाला पुसू?"

"आधी कसा होता माझा हात?"

भाऊंनी आठवायचा प्रयत्न केला. खोटं नाही, खरंच केला. "वायला होता," म्हणाले. "वेगळा. गिऱ्हाइकाला नसता आवडला."

मोहन चहा घेऊन आला. म्हणाला, "बाबांनी माझेपण पुसले. म्हणून मी पंप दुरुस्ती शिकलो."

भाऊंच्या पाया पडलो. सवयीनं.

८ जुलै, मंगळवार
तन्वीनं शहरात फ्लेक्सच्या दुकानात काम धरलं. कॉम्प्युटरवर वाढदिवसाचे बोर्ड करते. सौ.ला फोनवर म्हणाली, इथे बरं आहे, हात फिरवायला कोणी येत नाही, मशीन आहे. सौ.नं मला ते जसंच्या तसं सांगितलं. जेवताना.

१४ जुलै, सोमवार. संकष्टी
नाक्यावर नवा बोर्ड लागलाय. वाडीतल्या कोणाचा तरी वाढदिवस, चाळीस चेहरे. खाली कोपऱ्यात दुकानाचं नाव. तन्वीनं केला असेल. सगळ्यांचे चेहरे सारखे गोरे केलेत, सुरकुत्या बुजवल्यात. उभा राहून बघितला. एसटी गेली.

उपास सोडताना देवाकडे काय मागावं ते सुचेना. ती जावी असं मागावं, तर तिथे जे ऐकावं लागेल ते मी ऐकलंय. जाऊ नये असं कसं मागणार.

२० जुलै, रविवार
तन्वी आली. दोन दिवस राहणार म्हणते. चित्रांची वही आणलेली नाही. सौ.नं विचारलं, शनिवारचं काय. "बघू" एवढंच.

तिला भाऊंचं सांगितलं. पहिल्यापासून, काही न गाळता. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला एका माणसानं फसवलं, आणि तुम्ही ते मला दिलंत." मग थोड्या वेळानं, "तुम्हाला माहीत नव्हतं, हे त्याहून वाईट."

२५ जुलै, शुक्रवार
श्रावण लागला. आज आखणी सुरू करायची होती. गेलो नाही. मोहनचा फोन आला, "देव आंधळे बसलेत, प्रोफेसर." सोमवारी येतो म्हटलं.

तन्वी मंगळवारी गेली नाही, अजून इथेच आहे. दुकानात काय सांगितलंय ते कळलेलं नाही. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं कोरा कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली.

"डोळा काढा. भाऊंचा नको. पहिल्या वर्षी काढायचात तसा."

काढला. भाऊंचाच आला. दुसरा काढला. तोही. तिनं सांगितलं, आईकडे बघून काढा. सौ. तांदूळ निवडत होती, तशीच बसून राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली. तिच्या डाव्या डोळ्याखाली बारीक डाग आहे, तो मी आज बघितला. कागदावर उतरवायला गेलो, तर हात आपोआप त्याच्या बाजूनं वळून गेला. भाऊंच्या डोळ्याला तिथे डाग नसतो.

तन्वीनं तासभर बघितलं. एकदाही हसली नाही, त्याचीच भीती वाटली. डावा हात वापरा म्हणाली. डाव्यानं नुसतं वाकडं आलं. वाकडं, पण भाऊंचंच.

मग कागद गोळा करत म्हणाली, "मी त्या दिवसापासून काहीच काढलेलं नाही. तुम्ही मला लहानपणी पाटीवर हात धरून शिकवलंत. किती वर्षं, आठवतं?"

मी म्हटलं, "चौथीपर्यंत."

"मग उद्या तिथे बसले आणि हीच रेघ आली तर? मॅडमना काय सांगू, कोणाची आहे?"

सौ. माझ्याकडे बघत होती. महिन्यानं बघितलं तिनं. मी काहीतरी बोलावं म्हणून दोघी थांबल्या होत्या. तोंडापर्यंत आलं होतं की नाही येणार, तुझा हात वेगळा आहे. पण ते मला ठाऊक नाही. त्या फाईलमधली तीन चित्रं मी का सोडली, तर ती बरी होती म्हणून. बरी म्हणजे माझ्यासारखी.

ते बोललो नाही. इथे लिहितोय.

तन्वी आत गेली. पिशवी काढल्याचा आवाज आला, मग काही नाही. पाच वाजून गेले आहेत. मुंबईची गाडी रात्री साडेआठला सुटते, स्टँडपर्यंत जायला अर्धा तास धरायला हवा. दार ओढलेलं आहे. सौ.नं दोन भाकऱ्या थापून फडक्यात बांधून ठेवल्यात. कोणासाठी ते ती सांगत नाही.