परगावी पाठवलेली बहीण

१२ नोव्हेंबर

ताई,

आज सकाळी आठलाच चष्म्याच्या दुकानात आलो. गिऱ्हाइकं नवानंतर येतात. तोवर भिंगं घासायच्या टेबलावर कादंबरीचं एक पान लिहिलं. तू गेल्यापासूनचं हे विसावं. "रोज एक पान, सबबी चालणार नाहीत," असं तू बजावलं होतंस. एकही दिवस चुकवला नाही.

पण खरं सांगतो, आधीचे एकोणीस दिवस मी अंगचोरपणा केला. कादंबरीतली बहीण काय बोलेल, हे पूर्वी मी तुलाच फोनवर विचारायचो. मी लिहिलेलं ऐकून तू म्हणायचीस, "अरे शहाण्या, घरात एवढं गोड कोण बोलतं?" आता तूच या जगात नाहीस, विचारायचं कुणाला, म्हणून मी कादंबरीतल्या बहिणीला परगावी पाठवून दिलं. मग घराचं वर्णन केलं, जिन्याचं केलं, दोन पानं नुसता पाऊस पाडला.

काल तुझ्या वहिनीने वही वाचली. म्हणाली, "वन्संना अजून किती दिवस बाहेर ठेवणार आहात?"

आज त्या बहिणीला परत आणलं. दारात बॅग ठेवत ती भावाला म्हणाली, "काळजीने वाळलास म्हणे. पोट तर तसं म्हणत नाही."

हे वाक्य माझं आहे, तुला विचारलेलं नाही. जमलंय की नाही, कोण जाणे. पण खोडलं नाही. उद्या ती स्वयंपाकघरात जाईल, तिथेही तिला बोलतं करीन.

वही खणात ठेवली आणि गिऱ्हाइकांची भिंगं हाताळण्याआधी हात धुतले.

तुझा,
धाकटा