गोड शेवटी

प्रिय दादा,

"गोड शेवटी लावायचं, चेते. आधी लावलंस तर वरून काळं आणि आतून कच्चं." हे तू म्हणालास तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास आणि मी दहाची. भांडुपच्या आपल्या चाळीमागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, आप्पांनी विटांची चूल मांडली होती. तुझ्या हातात सायकलचा स्पोक, त्यात ओवलेले डुकराच्या मटणाचे तुकडे, आणि मी एका हातानं पुठ्ठ्यानं वारा घालत दुसऱ्या हाताचं बोट गुळाच्या वाटीत बुडवत होते. तू माझ्या हातावर एक चापट मारलीस आणि मग हे वाक्य म्हणालास. इतक्या वर्षांत ते मला एकदाही आठवलं नाही. परवा सव्वीस जानेवारीला आठवलं, पण दोन मिनिटं उशिरा.

फोन न करता पत्र का लिहिते आहे, असं तू कपाळाला आठ्या घालून म्हणशील. फोनवर तू नेहमी मीटिंगमध्ये असतोस आणि मेसेजला अंगठा पाठवतोस. पत्राला अंगठा दाखवता येत नाही. भांडुपहून मुलुंड दोन स्टेशनं, पण हे पत्र पोस्टानं फिरून फिरून येईल आणि तोवर माझा धीर सुटला तरी चालेल. एकदा पेटीत टाकलं की परत घेता येत नाही, हे पत्राचं मला फार आवडतं.

तर बातमी अशी. आपली चाळ पाडून ही सात मजली बिल्डिंग झाल्यापासून दर सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा आणि संध्याकाळी गच्चीवर खाण्याचे स्टॉल असतात. मी दरवर्षी मिसळ करते, ती दरवर्षी उरते आणि आम्ही ती सत्तावीसला खातो. यंदा तुझ्या भाचीनं सांगून टाकलं, "आई, तुझी मिसळ बास. मी डुकराचं करणार, निखाऱ्यावर, गूळ-मिरची लावून." ऋता आता हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे घरात तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. मरोळच्या बाजारातून तिनं चार किलो मटण आणलं, बर्फात गुंडाळून, कॉलेजच्या सॅकमध्ये घालून, आरेतून येणाऱ्या बसनं. वाटेत सॅकमधून पाणी टपकायला लागलं तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, काय आहे गं? ही म्हणाली, प्रोजेक्ट.

खरी गंमत पाटीवरून झाली. ऋतानं इंग्रजी अक्षरांत काहीतरी झोकदार लिहिलं होतं. आई खुर्चीत बसून बघत होती. तिनं विचारलं, "ह्ये काय लिवलंस?" ऋतानं वाचून दाखवलं. आई म्हणाली, "त्यापरास डुकराचं मटान म्हनून लिही की. खानाऱ्याला बी कळूदे, न खानाऱ्याला बी कळूदे. उगं कुनी चुकून खायला नको आन् आपन चोरून विकायला नको." दादा, हीच आपली आई. रविवारी चुलीवर पातेलं चढलं की दाराला आतून कडी घालणारी आणि वास दबावा म्हणून दारात धूप लावणारी. आपल्याकडे धूप कधी लागतो हे सगळ्या चाळीला पाठ होतं. लपवायच्या नादात आपणच दवंडी पिटत होतो.

मग मोठ्या अक्षरांत पाटी लागली. सेक्रेटरींनी आम्हाला अगदी कोपऱ्यातली जागा दिली, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. साडेचारला वारा फिरला, त्याला कोण काय करणार?

पण खरी वाट लागली ती माझ्यामुळे. ऋता खाली आणखी कोळसे आणायला गेली होती. मटणाला आलं-लसूण, हळद, मीठ लावून रात्रभर ठेवलेलं. गूळ, ब्याडगी मिरची आणि लसूण यांचा पाक तयार होता, त्यात कोकमाचं आगळही होतं, समोरच्या रत्नप्रभाकाकूंनी दिलेलं. त्या डुकराला शिवत नाहीत, पण गुळाच्या पाकाला आंबटपणा लागतो हे त्यांना कोकणात जन्मल्यामुळे कळतं. आगळाची बाटली त्यांनी दारातूनच हातभर लांबून दिली आणि वर म्हणाल्या, "कमी पडलं तर अजून माग." मी म्हटलं, ऋता येईपर्यंत सुरुवात करू. पहिले वीस स्पोक पाकात चांगले बुडवले आणि निखाऱ्यावर ठेवले. दोन मिनिटांत गूळ पेटला. काळा धूर थेट पलीकडे चाललेल्या अंताक्षरीच्या माइकवर. समोरच्या विंगमधला माणूस गॅलरीत येऊन ओरडला, आग लागली काय रे? काशीरामकाका, रत्नप्रभाकाकूंचे यजमान, काठी टेकत आले आणि म्हणाले, "गो चेतना, ह्या काय केलंस? ह्या मटान काय कोळसो?" वरून काळं, आतून कच्चं. तेव्हा तुझं वाक्य आठवलं.

दुसरी खेप मी तुझ्यासारखी केली. आधी नुसतं मटण, मंद निखाऱ्यावर, चरबी थेंब थेंब गळून चुर्र वाजेपर्यंत. एक तुकडा कापून आत गुलाबी राहिलं नाही ना ते बघायचं. पाक अगदी शेवटच्या दोन मिनिटांत, कांद्याच्या पातीच्या जुडीनं, एक हात, उलटून दुसरा हात. आणि कडा जरा चिकटून चमकायला लागल्या की उचलायचं. काशीरामकाकांनी माझ्या हातातला पुठ्ठा काढून घेतला. "मी खाणंय नाय, पण वारो घालूक काय हरकत आसा?" सत्तर ओलांडलेला माणूस दीड तास वारा घालत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, पहिल्या खेपेचं विचारू नका. साडेसहाला सगळं संपलं. अंताक्षरीतले दोघे गाणं अर्धवट सोडून आले होते. आईनं खुर्चीत बसून दोन खाल्ले, दात नसलेल्या बाजूनं, हळूहळू, आणि तुझं नाव काढून म्हणाली, "प्रितमच्या हातची चव येत न्हाई." म्हणजे जमलं होतं.

एक सांगायचं राहिलं. स्पोक तेच होते. सायकलच्या दुकानातून तू आणलेले, फरशीवर घासून टोक काढलेले, दुसऱ्या बाजूला बोटाएवढी कडी वळवलेले. तू ते नाल्यात टाकलेस त्या दिवशी आई परकर खोचून नाल्यात उतरली होती. इतकी वर्षं तिनं ते तिच्या लुगड्याच्या चिंध्यांत बांधून पेटीच्या तळाशी ठेवले, चाळ पाडली तेव्हा ते ट्रान्झिट कॅम्पातही गेले. पंचवीसपैकी तेवीस उरलेत.

तू ते का टाकलेस हे मला तेव्हाच माहीत होतं, हे तुला माहीत नाही. तू नववीत, मी पाचवीत, शाळा एकच. आदल्या दिवशी तुझा एक मित्र अचानक घरी आला होता, आणि आईनं प्रेमानं त्यालाही वाढायला घेतलं होतं. सोमवारी तुमच्या वर्गाच्या फळ्यावर कुणीतरी डुक्कर काढलं, खाली तुझं नाव. मी डबा द्यायला आले होते. बाई वर्गात यायच्या आधी तू उठलास आणि डस्टर न सापडल्यामुळे शर्टाच्या बाहीनं फळा पुसलास. दिवसभर तुझी बाही पांढरी होती. घरी तू सांगितलंस की रंगाच्या भिंतीला घासलो. मी आईला काही बोलले नाही. आजही बोललेले नाही.

म्हणून, दादा, तू मुलुंडच्या घरात डुकराचं मटण आणत नाहीस याचा मला राग नाही. हो, एकदा आला होता. तुझ्या नव्या घराचं जेवण होतं, तेव्हा मी मोठ्या हौसेनं स्टीलचा डबा भरून आणला. तू खाली लॉबीतच भेटलास, "वर ऑफिसचे लोक आहेत गं," म्हणालास, डबा घेतलास आणि गाडीच्या डिकीत ठेवलास. मी रिकाम्या हातांनी लिफ्टनं वर आले आणि पनीर जेवले. पुढच्या रविवारी तुझ्याकडून डबा परत आला, घासलेला, काठोकाठ साखर भरलेला. मी चिडून साखर सिंकमध्ये ओतायला निघाले. आईनं माझा हात धरला. झाकण नाकाशी नेलं, कडेचा वास घेतला आणि म्हणाली, "टाकून दिलं असतं तर साखर कशाला घातली असती त्यानं? ज्यानं खाल्लं न्हाई त्यो डबा भरून कशाला धाडंल?" रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे तिनंच तुला शिकवलं. महिनाभर आम्ही त्या साखरेचा चहा प्यायलो. तू ते कुठे बसून खाल्लंस असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. मला वाटतं, बेसमेंटमध्ये, गाडीत, काचा वर करून.

आता मूळ मुद्दा. परवा गच्चीवर साडेपाचच्या सुमारास तुझी अक्षता आली होती. ऋतानं बोलावलं होतं, मला न सांगता. पाटी वाचली, हसली, आणि उभ्या उभ्या पाच स्पोक संपवले, तुझ्यासारखीच, आधी चरबीचा तुकडा आणि मग मांसाचा. मग एक रिकामा स्पोक हातात घेऊन कडी फिरवत म्हणाली, "आत्या, हे किती भारी आहेत. कुणी बनवले?" आणि वर, "बाबांना नाही ना आवडत? ते म्हणतात, आमच्या घरी हे कधी नव्हतंच." आई माझ्याकडे बघत होती. काशीरामकाकांचा पुठ्ठासुद्धा थांबला. मी म्हटलं, "होता एक कारागीर. आठ तारखेच्या रविवारी ये, सांगते." ती येणार आहे, शिकायला, आणि तिनं पुन्हा विचारलं तर मी खोटं बोलू शकणार नाही. पण हे तिला माझ्याकडून कळावं असं मला वाटत नाही. त्या फळ्याचं तू सांग किंवा नको सांगूस, ते तुझं आहे. स्पोकचं मात्र सांग. तू नाही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. ऑडिट असेल, नाहीतर पाहुणे असतील, नाहीतर अंगठा येईल. तरी मागते. या वेळी डबा पाठवणार नाही, साखरही नको. रविवारी पाच वाजता गच्चीवर ये. वारा मी घालीन, मटण अक्षता भाजेल. शेवटची दोन मिनिटं उरली की तिच्यासमोर गोड तू लाव.

तुझीच, गुळात बोट घालून बसलेली,
चेती